आधी स्वतःची जागा : प्लगिन लिहिताना फाइलचा पत्ता कसा शोधावा



मॅप रीडिंगच्या पहिल्याच तासाला उस्तादांनी जमिनीवर नकाशा पसरला आणि समोरच्या टेकडीवरचे देऊळ त्यात शोधायला सांगितले. आम्हा सगळ्यांची बोटे नकाशावर धावू लागली. उस्ताद हसले आणि म्हणाले, "मंदिर बाद में. पहले यह बताओ, तुम ख़ुद कहाँ खड़े हो?" एकालाही सांगता आले नाही. त्या दिवशी आम्ही रिसेक्शन शिकलो. ओळखीच्या दोन-तीन खुणांवर होकायंत्र धरायचे, बेअरिंग घ्यायचे, त्यावरून बॅक बेअरिंग काढून नकाशावर रेषा ओढायच्या. त्या रेषा जिथे मिळतात तिथे आपण उभे आहोत. स्वतःची जागा सापडली की देऊळ सापडायला वेळ लागत नाही.

गेल्या वर्षी नववीत असताना मी शाळेच्या वेबसाइटसाठी एक छोटे प्लगिन लिहिले. त्यात माझ्याकडून नेमकी हीच चूक झाली. माझा कोड फाइल शोधत होता, पण तो स्वतः कुठे उभा आहे हे त्याला मी विचारूच दिले नव्हते. चूक तीन वेगवेगळ्या रूपांत झाली, आणि तिसऱ्या वेळी ती माझ्यापुरती राहिली नाही. म्हणून हा लेख लिहीत आहे. कम्प्युटर क्लबमधल्या ज्युनिअर कॅडेट्सना तो उपयोगी पडावा आणि पालकांनाही समजावा, असा प्रयत्न केला आहे.

एक सूचना आधीच देतो. या पानावर कोडमधली नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टाइप करायची. खालची रेघ, कंस, टिंब आणि स्लॅश मात्र जसेच्या तसे ठेवायचे.

काम काय होते

आपल्या असेंब्ली हॉलमध्ये संगमरवरी स्मृतिफलक आहे. देशासाठी प्राण दिलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. आपण रोज त्यासमोरून जातो, पण दूर राहणाऱ्या कुटुंबांना तो पाहायला मिळत नाही. म्हणून शाळेच्या वेबसाइटवर तसेच एक पान असावे, त्यावर प्रत्येकाचे नाव, पलटण आणि फोटो असावा, असे ठरले. २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, ते पान सुरू करायचे होते. कम्प्युटरच्या सरांनी हे काम क्लबकडे दिले आणि कोड लिहिणे माझ्या वाट्याला आले.

आपली वेबसाइट वर्डप्रेसवर चालते. वर्डप्रेस हे वेबसाइट चालवण्याचे मोफत आणि खुले सॉफ्टवेअर आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते २००३ साली सुरू केले. ते पीएचपी या भाषेत लिहिलेले आहे. त्यात नसलेली सोय हवी असेल तर वर्डप्रेसच्या मूळ फाइलींना हात लावायचा नसतो. त्याला प्लगिन जोडायचे. घरच्या मिक्सरला आपण चटणीचे वेगळे भांडे लावतो, मोटर तीच राहते, तसेच हे आहे.

प्लगिन म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर. तो वर्डप्रेसच्या "डब्ल्यूपी-कंटेंट" या फोल्डरमधल्या "प्लगिन्स" फोल्डरमध्ये राहतो. माझ्या फोल्डरचे नाव होते "स्मृती-फलक". त्यात एक मुख्य फाइल होती आणि तीन उपफोल्डर होते : "माहिती"मध्ये नावांची यादी, "चित्रे"मध्ये फोटो आणि "भाग"मध्ये कोडच्या बाकीच्या फाइली. मुख्य फाइलने यादी उघडायची, एकेक नाव वाचायचे आणि त्यासमोर फोटो लावायचा. इतके सोपे काम. अवघड एवढेच होते की यादी आणि फोटो कुठे आहेत हे कोडला बरोबर सांगायचे.

पत्ता सांगण्याच्या दोन रीती

संगणकातल्या फाइलच्या पत्त्याला पाथ म्हणतात. तो दोन रीतींनी सांगता येतो.

पहिली रीत म्हणजे पूर्ण पत्ता. नकाशावर आपण सहा आकडी ग्रिड रेफरन्स देतो, आधी ईस्टिंग आणि मग नॉर्दिंग. ऐकणारा कुठेही उभा असो, त्या नकाशावर तो त्याच शंभर मीटरच्या चौकोनात पोहोचतो. संगणकात पूर्ण पत्ता डिस्कच्या मुळापासून सुरू होतो. विंडोजवर तो "सी:\" असा सुरू होतो, लिनक्सवर नुसत्या "/" ने.

दुसरी रीत म्हणजे इथून पुढचा पत्ता. "इथून उत्तरेला दोनशे मीटर" असे आपण म्हणतो तसा. "माहिती/नावे.सीएसव्ही" याचा अर्थ, इथून माहिती फोल्डरमध्ये जा आणि तिथली नावे ही फाइल घे. दोन टिंबे म्हणजे एक फोल्डर वर जा. ही रीत सुटसुटीत आहे, पण "इथून" म्हणजे कुठून हे नक्की असले तरच. मी दोन्ही रीती वापरल्या आणि दोन्हींत फसलो.

पहिली चूक : माझ्या टेबलाचा पत्ता

लॅबमधल्या संगणकावर विंडोज आहे. त्यावर झॅम्प नावाचे सॉफ्टवेअर घालून आम्ही वेबसाइटची सरावाची प्रत चालवतो. मी यादीचा पत्ता असा लिहिला होता :

'सी:/झॅम्प/एचटीडॉक्स/शाळा/डब्ल्यूपी-कंटेंट/प्लगिन्स/स्मृती-फलक/माहिती/नावे.सीएसव्ही'

लॅबमध्ये सगळी नावे दिसली. मी खूश होतो. सरांनी प्लगिन खऱ्या वेबसाइटवर चढवले आणि पान कोरे निघाले. वर फक्त इशारा होता की अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही.

कारण उघड आहे. खरी वेबसाइट होस्टिंगच्या लिनक्स संगणकावर असते. तिथे "सी:" नाही आणि झॅम्पही नाही. मी कोडला फाइलचा पत्ता सांगितलाच नव्हता, माझ्या टेबलाचा पत्ता सांगितला होता.

मी काय केले? होस्टिंगवरचा पूर्ण पत्ता विचारून घेतला आणि तो लिहून टाकला. नावे दिसली. पण आता तेच प्लगिन लॅबमध्ये चालेना. सर म्हणाले, "उद्या होस्टिंग बदललं तर काय करशील? प्रत्येक ठिकाणी जाऊन नवा पत्ता लिहिशील?"

मग मी दुसरी रीत धरली आणि नुसते "माहिती/नावे.सीएसव्ही" लिहिले. पान पुन्हा कोरे. याचे कारण समजायला मला जास्त वेळ लागला. मला वाटत होते की "इथून" म्हणजे माझी फाइल जिथे आहे तिथून. तसे नसते. फाइल उघडताना पीएचपी साधारणपणे चालू कामाच्या फोल्डरपासून मोजते, आणि वेबसाइटवर तो फोल्डर सर्वांत आधी चालू झालेल्या फाइलचा असतो. पाहुण्याने वेबसाइट उघडली की वर्डप्रेसच्या मुळातली इंडेक्स फाइल आधी चालते. व्यवस्थापकाने आतले पान उघडले तर "डब्ल्यूपी-ॲडमिन"मधली फाइल आधी चालते. म्हणजे माझी फाइल जागेवरून हलली नाही, तरी "इथून" बदलले. दिशा बरोबर होती, पण मोजणी दुसऱ्याच माणसाच्या पायापासून सुरू झाली होती.

उत्तर : कोडलाच विचारू द्या

इथे उस्तादांचा प्रश्न उपयोगी पडला. जागा पाठ करायची नाही, विचारायची.

पीएचपीमध्ये "__फाइल__" असा एक खास शब्द आहे. तो ज्या फाइलमध्ये लिहिलेला असतो त्याच फाइलचा पूर्ण पत्ता देतो. लॅबमध्ये तो लॅबचा पत्ता देतो आणि होस्टिंगवर होस्टिंगचा. म्हणजे कोडचे रिसेक्शनच. वर्डप्रेसने त्याला जोडून प्लगिन लिहिणाऱ्यांसाठी एक सोय केली आहे :

प्लगिन_डिर_पाथ( __फाइल__ )

ही आज्ञा त्या फाइलच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता देते आणि शेवटी एक स्लॅशही लावून देते. मग यादीचा पत्ता असा होतो :

प्लगिन_डिर_पाथ( __फाइल__ ) . 'माहिती/नावे.सीएसव्ही'

मधले टिंब दोन तुकडे जोडते. "माहिती"च्या आधी स्लॅश नाही, कारण तो आधीच मिळालेला आहे. पीएचपीमध्ये "__डिर__" असाही शब्द आहे. तो फोल्डर देतो, पण शेवटी स्लॅश लावत नाही. तो वापरला तर स्लॅश आपण लावायचा. या एका स्लॅशमुळे आमच्या क्लबच्या दोन संध्याकाळी गेल्या आहेत. दोन नावे एकमेकांना चिकटून "स्मृती-फलकमाहिती" असा फोल्डर शोधला जातो, आणि तो अर्थातच नसतो.

आणखी एक खड्डा आहे. आज्ञेच्या नावात "प्लगिन" असले तरी ती प्लगिनचा मुख्य फोल्डर शोधून देत नाही. तिला जी फाइल दाखवाल तिचा फोल्डर ती देते. "भाग" फोल्डरमधल्या फाइलमध्ये तीच ओळ लिहिली तर उत्तर "स्मृती-फलक/भाग/" असे येते. म्हणून ही विचारपूस एकदाच, मुख्य फाइलमध्ये करावी आणि उत्तर एका नावाखाली ठेवून द्यावे :

डिफाइन( 'स्मृती_पाथ', प्लगिन_डिर_पाथ( __फाइल__ ) );

आता कोणत्याही उपफोल्डरमधून "स्मृती_पाथ" म्हटले की मुख्य फोल्डरच मिळतो. कॅम्पमध्ये बेस एकदा ठरतो आणि सगळ्या तुकड्या तिथूनच अंतर मोजतात, तसे.

काही जण म्हणतील, वर्डप्रेसचा मूळ फोल्डर "एबीएसपाथ" या नावाने मिळतोच, त्यापुढे "डब्ल्यूपी-कंटेंट/प्लगिन्स" लिहिले की झाले. बहुतेक ठिकाणी हे चालेलही. पण वेबसाइटच्या मालकाला "डब्ल्यूपी-कंटेंट" फोल्डर दुसरीकडे हलवण्याची मुभा वर्डप्रेसने दिलेली आहे. म्हणून तोही अंदाज नको.

दुसरी चूक : नावे दिसली, माणसे दिसली नाहीत

यादी बरोबर वाचली जाऊ लागली. लॅबमध्ये खरी वेबसाइट उघडून पाहिली, तर नावेही दिसत होती आणि फोटोही. रविवारी घरी फोन करायची वेळ आली तेव्हा मी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, ते पान उघडायला सांगितले. आमचे घर साताऱ्याकडे आहे. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी काकाच्या फोनवर पान उघडले, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "नावं दिसतात रे बाळा. पण माणसं कुठायत?"

प्रत्येक फोटोच्या जागी नुसता तुटका चौकोन होता.

मी लॅबमध्ये धावलो. तिथे फोटो दिसत होते. सरांच्या फोनवर दिसत नव्हते. शाळेच्या ऑफिसमध्ये दिसत नव्हते. साऱ्या जगात फक्त एका संगणकावर फोटो दिसत होते, आणि तो माझा होता.

याचे कारण समजायला आधी हे लक्षात घ्यावे लागते की वेबसाइट उघडताना दोन यंत्रे काम करतात. एक सर्व्हर, जिथे फाइली ठेवलेल्या असतात. दुसरे पाहणाऱ्याचे यंत्र, म्हणजे आबांच्या हातातला फोन. नावांची यादी सर्व्हर स्वतः आपल्या डिस्कवरून वाचतो, त्याला डिस्कवरचा पत्ता म्हणजे पाथ लागतो. फोटोचे तसे नाही. सर्व्हर पानात फक्त फोटोचा पत्ता लिहून पाठवतो आणि तो फोटो आणण्याचे काम फोनमधला ब्राउझर करतो. ब्राउझर सर्व्हरच्या डिस्कवर शिरू शकत नाही. त्याला इंटरनेटवरचा पत्ता लागतो, म्हणजे यूआरएल.

पालकांसाठी सोपे करून सांगतो. क्वार्टर मास्टर स्टोअरमध्ये एक वस्तू कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर आहे हे स्टोअरकीपरला माहीत असते. तो पाथ. बाहेरच्या माणसाला फळीचा क्रमांक सांगून उपयोग नाही, कारण त्याला आत सोडत नाहीत. त्याला खिडकी क्रमांक सांगावा लागतो. तो यूआरएल. वस्तू एकच, पण विचारणारा कोण यावर पत्ता बदलतो.

माझ्या कोडमध्ये फोटोंचा यूआरएल "लोकलहोस्ट" या शब्दाने सुरू होत होता. लोकलहोस्ट म्हणजे "हेच यंत्र". लॅबमध्ये ते बरोबर होते, कारण सरावाची प्रत त्याच संगणकावर चालू होती. आबांच्या फोनवर मात्र "हेच यंत्र" म्हणजे आबांचा फोन. तो बिचारा स्वतःच्याच पोटात फोटो शोधत होता.

यावरची आज्ञा पहिल्या आज्ञेची बहीणच आहे :

डिफाइन( 'स्मृती_यूआरएल', प्लगिन_डिर_यूआरएल( __फाइल__ ) );

हीसुद्धा शेवटी स्लॅश लावून देते. एका विशिष्ट फाइलचा यूआरएल हवा असेल तर "प्लगिन्स_यूआरएल" ही आज्ञाही आहे. तिला आधी फाइलचे नाव आणि मग "__फाइल__" द्यायचे. नियम एवढाच : सर्व्हरने उघडायची फाइल असेल तर पाथ, ब्राउझरने आणायची असेल तर यूआरएल. कोडच्या फाइली, याद्या पहिल्या गटात. फोटो, रंगरूपाची सीएसएस फाइल, जावास्क्रिप्ट दुसऱ्या गटात.

एवढे करूनही दोन फोटो दिसेनात. त्यांची कथा छोटी आहे. फाइलच्या नावात शेवटी कॅपिटल अक्षरांत "जेपीजी" होते आणि माझ्या यादीत ते स्मॉल अक्षरांत होते. विंडोज सहसा हा फरक मानत नाही, लिनक्स मानतो. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात, त्यामुळे असेल, पण माझे तिकडे लक्षच गेले नव्हते. आता क्लबचा नियम आहे की फाइलींची सगळी नावे स्मॉल अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा नाही.

तिसरी चूक : फोटो कोणाचे

२६ जुलैला पान सुरू झाले. त्यानंतर कुटुंबांकडून आणखी फोटो येऊ लागले. काही ई-मेलने आले, काही टपालाने. असे सात फोटो आले. सर ते होस्टिंगवर थेट माझ्या प्लगिनच्या "चित्रे" फोल्डरमध्ये ठेवत गेले, कारण तशी सूचना मीच लिहून दिली होती.

दिवाळीच्या सुटीनंतर मी प्लगिनची सुधारलेली आवृत्ती केली. लॅबमधल्या प्रतीवरून झिप बांधली आणि सरांना दिली. त्यांनी ती चढवली. वर्डप्रेसने विचारले, जुने काढून नवे ठेवू का? सरांनी हो म्हटले. कोणीही म्हणेल.

प्लगिन बदलताना वर्डप्रेस जुन्या फोल्डरमध्ये नव्या फाइली मिसळत नाही. जुना फोल्डर काढून टाकतो आणि नवा ठेवतो. लॅबच्या प्रतीत ते सात फोटो नव्हते. ते गेले. आमच्या होस्टिंगच्या योजनेत बॅकअप नव्हता.

सहा फोटो ई-मेलमध्ये परत सापडले. सातवा टपालाने आलेला होता. तो स्कॅन करून मूळ प्रत रजिस्टर्ड पोस्टाने कुटुंबाला परत पाठवली होती, आणि स्कॅन फक्त त्या फोल्डरमध्ये होता. सरांनी मला रागावले नाही. ते म्हणाले, "पत्र तू लिही." मला ते पत्र लिहायला दोन दिवसांचे प्रेप लागले. एका आईवडिलांना लिहायचे होते की तुमच्या मुलाचा फोटो आमच्याकडून हरवला, कृपया पुन्हा पाठवा.

चूक कुठे होती? पत्ता बरोबर होता. यूआरएल बरोबर होता. जागा चुकली होती. प्लगिनचा फोल्डर प्लगिनच्या स्वतःच्या सामानासाठी असतो : कोड, बटणांची चित्रे, सीएसएस. जे सामान लोकांनी दिलेले आहे, नंतर भर पडणार आहे, ते तिथे ठेवायचे नसते. त्यासाठी वर्डप्रेसमध्ये अपलोड्सचा वेगळा फोल्डर आहे. प्लगिन बदलले किंवा काढून टाकले तरी वर्डप्रेस आपणहून त्याला हात लावत नाही. त्याचा पत्ताही पाठ करायचा नाही, विचारायचा :

$घर = डब्ल्यूपी_अपलोड_डिर();
$पाथ = $घर['बेसडिर'] . '/स्मृती/';
$यूआरएल = $घर['बेसयूआरएल'] . '/स्मृती/';
डब्ल्यूपी_एमकेडिर_पी( $पाथ );

पहिली ओळ एकदम अनेक उत्तरे देते. त्यातले "बेसडिर" म्हणजे अपलोड्सचा डिस्कवरचा पाथ आणि "बेसयूआरएल" म्हणजे त्याचाच इंटरनेटवरचा पत्ता. या दोन्हींच्या शेवटी स्लॅश नसतो, म्हणून "स्मृती"च्या आधी तो आपण लावला आहे. शेवटची ओळ तो फोल्डर नसेल तर तयार करते.

रस्ता चुकला तर

पत्ता चुकला की अंदाजाने कोड बदलत बसू नये. मी बसलो आहे, त्यातून काही मिळत नाही. आधी आपला कोड नेमका कोणता पत्ता धरून चालला आहे ते पाहावे. "एरर_लॉग( स्मृती_पाथ );" एवढी एक ओळ घातली की तो पत्ता नोंदवहीत उतरतो. मग दुहेरी स्लॅश, गायब स्लॅश, चुकीचा उपफोल्डर लगेच दिसतो. फाइल उघडण्याआधी "फाइल_एक्झिस्ट्स" या आज्ञेने ती आहे का हेही विचारून घ्यावे आणि नसेल तर पान शांतपणे थांबवावे.

शेवटची गोष्ट सुरक्षेची. पहिल्या दिवशी माझ्या कोऱ्या पानावर जो इशारा छापला होता, त्यात आमच्या सर्व्हरवरचा पूर्ण पत्ता होता, आणि तो साऱ्या जगाला दिसत होता. आपल्या ठाण्याचा नकाशा कोणी फाटकावर लावत नाही. खऱ्या वेबसाइटवर असे इशारे पानावर दाखवणे बंद ठेवावे आणि फक्त नोंदवहीत जाऊ द्यावेत. तसेच पाहुण्याने टाइप केलेला मजकूर फाइलच्या पत्त्यात कधीही जसाच्या तसा जोडू नये. कोणी दोन टिंबे आणि स्लॅश टाकत टाकत वर चढून नको त्या फाइलीपर्यंत पोहोचू शकतो.

तीन प्रश्न

आता क्लबमध्ये नवीन कॅडेट आला की मी त्याला आज्ञा पाठ करायला लावत नाही. कोणतीही फाइल वापरण्याआधी तीन प्रश्न विचारायला सांगतो.

एक, मी कुठे उभा आहे? उत्तर पाठ नको, "__फाइल__" ला विचारा.

दोन, फाइल कोणाला हवी आहे? सर्व्हरला हवी असेल तर पाथ, ब्राउझरला हवी असेल तर यूआरएल.

तीन, ही वस्तू कोणाची आहे? प्लगिनची असेल तर प्लगिनच्या फोल्डरमध्ये, लोकांची असेल तर अपलोड्समध्ये. आणि तिची एक प्रत दुसरीकडेही.

पहिले दोन प्रश्न चुकले तर पान बिघडते आणि दुरुस्त होते. तिसरा चुकला तर कोणाला तरी पत्र लिहावे लागते.

त्या पत्राला तीन आठवड्यांनी उत्तर आले. पाकिटात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये नीट बांधलेला फोटो होता. सोबतच्या चिठ्ठीत रागाचा एक शब्द नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटले. सरांनी आणि मी तो फोटो स्कॅन केला, अपलोड्समध्ये ठेवला, एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि एक प्रत छापून ऑफिसच्या फाइलला लावली. मूळ फोटो त्याच पुठ्ठ्यात घालून परत पाठवला.

त्यानंतरच्या रविवारी आबांना पुन्हा पान उघडायला सांगितले. ते एकेक नाव मोठ्याने वाचत गेले आणि प्रत्येक नावानंतर थोडे थांबत होते. माझी फोनची वेळ संपली, मागे रांग होती, तरी ते वाचतच होते. शेवटी म्हणाले, "दिसली रे. सगळी दिसली."

जय हिंद.

– कॅडेट, इयत्ता दहावी